निरंक

सकाळी सात वाजता मी मागच्या दारानं अंगणात उतरते. कुंपणापासून आणि झाडांपासून लांब, एका लाकडी खांबावर चार इंच व्यासाचं पारदर्शक प्लास्टिकचं नळकांडं बसवलेलं आहे. वरचं नरसाळं काढायचं, आतली बारीक नळी उचलून डोळ्यांच्या रेषेत धरायची आणि पाणी कुठल्या खुणेवर आहे ते वाचायचं. इथल्या बहुतेक सकाळी नळी कोरडी असते. तरी आकडा कळवायचा असतो. मी फोनवर शून्य भरते. स्वयंपाकघरातल्या वहीत मात्र अण्णांचा शब्द लिहिते: निरंक.

अण्णा सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्याच्या कचेरीत कारकून होते. कचेरीच्या आवारात जाळीच्या कुंपणात पर्जन्यमापक होता. पावसाळ्यात रोज सकाळी आठ वाजता ते कुलूप उघडायचे, बाटलीतलं पाणी काचेच्या मोजपात्रात ओतायचे, वाकून आकडा बघायचे आणि रजिस्टरात मांडायचे. शाळेला सुट्टी असली की मी सोबत जायची. पाऊस झाला नसला तरी बाटली काढून, उलटी करून खात्री करायचे आणि रकान्यात सावकाश अक्षरात लिहायचे, निरंक. जुलैची पानंच्या पानं त्या एका शब्दानं भरलेली असत. लहानपणी मला वाटायचं, जशी मृगाची, आर्द्रेची, मघाची नावं, तसं निरंक हेही कुठल्या तरी पावसाचंच नाव.

आमच्या गावावरून पाऊस जायचा, पण थांबायचा नाही. आषाढात डोक्यावरून काळे ढग पूर्वेकडे पळत असायचे, वारा पत्रे उचकटायला बघायचा, आणि खाली फुफाटा. नव्वद-शंभर किलोमीटरवर महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच हजार मिलीमीटरच्या वर पाऊस, आमच्याकडे पाचशेच्या आतबाहेर. भूगोलाच्या पुस्तकात त्याला पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात. समुद्रावरचा ओला वारा सह्याद्री चढताना थंड होतो, तिथंच रिता होतो, आणि पलीकडं उतरतो तेव्हा कोरडा होऊन उतरतो. बाईंनी फळ्यावर डोंगराचा त्रिकोण काढून उजव्या बाजूला खडूनं रेघा मारल्या होत्या आणि म्हणाल्या होत्या, 'आपण इथं राहतो.' मला तो त्रिकोण अजून आठवतो.

२०१२च्या जूनमध्ये नवऱ्याच्या नोकरीपायी आम्ही कोलोरॅडोतल्या फोर्ट कॉलिन्सला आलो, तेव्हा पश्चिमेचा डोंगर जळत होता. हाय पार्कचा वणवा. त्या आगीत २५९ घरं गेली, ८७ हजारांवर एकर जंगल गेलं. पहिले काही दिवस शहराला डोंगर आहे हे मला ऐकूनच माहीत होतं, कारण पश्चिमेला नुसता तांबूस धूर होता आणि खिडक्या बंद ठेवायच्या सूचना होत्या. मग एका पहाटे वारा फिरला. पडदा सरकवला तर समोर रांगच्या रांग उभी: पुढं उतरत्या थरांच्या लाल-पिवळ्या टेकड्या, त्यामागं काळपट निळे डोंगर, त्यामागं जूनमध्येही बर्फ धरून बसलेली शिखरं. आणि पूर्वेच्या खिडकीतून काहीच नाही. सपाट. थेट क्षितिजापर्यंत.

मला त्या घडीला फळ्यावरचा त्रिकोण आठवला. त्याच आठवड्यात मी इथल्या पावसाचा आकडा शोधून काढला. वर्षाला सुमारे १६ इंच, तोही बर्फ वितळवून धरलेला. चारशे मिलीमीटर. सात समुद्र ओलांडून मी डोंगराच्या त्याच बाजूला येऊन पडले होते.

अण्णांना फोनवर सांगितलं तर ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मग तुला जमंल तिथं."

पावणेदोन लाखांच्या जवळपास वस्तीचं हे शहर. इथं विद्यापीठ आहे, त्यामुळे तरुण पोरं आणि सायकली भरपूर. जुन्या भागात विटांच्या इमारती आहेत. १८६०च्या दशकात इथं लष्कराची छावणी होती, तिच्यावरून नाव पडलं. त्याआधी हा सगळा मुलूख अरापाहो आणि शायेन लोकांचा होता, ते पुढं हुसकावले गेले. अरापाहोंची एक शाखा आज उत्तरेला वायोमिंगमध्ये आहे. शहराच्या नावात किल्ला राहिला, ज्यांची जमीन होती त्यांची नावं मात्र शोधावी लागतात. हे मी इथं नवी आलेली बाई म्हणून लिहिते आहे, आणि जडपणानं लिहिते आहे.

इथं दिशा विचारायची गरज पडत नाही. डोंगर दिसला की ती पश्चिम. मुलगी चार वर्षांची असताना 'डोंगराकडे वळ' आणि 'माळाकडे वळ' असंच म्हणायची, डावं-उजवं तिला नंतर कळलं. उंची दीड हजार मीटरच्या वर, महाबळेश्वरापेक्षाही जास्त, आणि तरी पायाखाली टेबलासारखी जमीन. हवा इतकी कोरडी की उन्हाळ्यात दुपारी घातलेले पापड संध्याकाळी खडखडीत वाजतात. जानेवारीत मधेच डोंगरावरून चिनूक नावाचा गरम वारा उतरतो आणि वीतभर बर्फ दोन दिवसांत खाऊन टाकतो. पाणीही होत नाही त्याचं धड, हवाच पिऊन घेते. पहिल्यांदा तो वारा सुटला तेव्हा पत्र्यांचा आवाज आठवून मी झोपेतून उठून बसले होते.

पावसाची वही मात्र मी लगेच सुरू केली नाही. ती सुरू झाली शेजारच्या आजींमुळे. त्या १९९७च्या पुराबद्दल सांगत होत्या. त्या वर्षी २८ जुलैला शहराच्या पश्चिमेच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी ढग येऊन थांबला तो हललाच नाही. दीड दिवसाच्या आत तिथं १४ इंचांच्या वर पाऊस झाला. आमच्या इथला वर्षाचा पाऊस जवळजवळ एका झटक्यात. आणि त्याच शहराच्या पूर्वेच्या टोकाला त्या मानानं अगदी थोडा. स्प्रिंग क्रीक नावाचा एरवी उडी मारून ओलांडावा असा ओढा रेल्वेच्या भरावाशी तुंबला आणि फुटला. पाच जण गेले. विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या तळघरात लाखो पुस्तकं भिजली. शहरात राहणाऱ्या बहुतेकांना रात्रभर पत्ताच नव्हता, कारण त्यांच्या अंगणात तसं काही पडलंच नव्हतं.

त्या पुरानंतर विद्यापीठातले हवामानतज्ज्ञ नोलन डोस्केन यांनी ठरवलं की पाऊस प्रत्येक गल्लीत मोजला गेला पाहिजे. १९९८मध्ये त्यांनी साध्या घरगुती माणसांना नळ्या लावायला लावल्या, आणि त्यातून 'कोकोराझ' नावाचं जाळं उभं राहिलं. आज ते सगळ्या अमेरिकेत आणि कॅनडातही पसरलं आहे. आतल्या नळीत पाऊस दहापट उंच दिसतो, म्हणून इंचाचा शंभरावा भागही वाचता येतो. आणि त्यांचा आग्रह असा की पाऊस पडला नाही तर तेही कळवा. कारण काही न कळवणं म्हणजे माहीत नसणं, आणि शून्य कळवणं म्हणजे बघून आलेलं असणं. हे वाचलं आणि अण्णा कोरडी बाटली उलटी करताना डोळ्यांपुढं आले. दुसऱ्या दिवशी मी नळी मागवली.

इथं जगायचं तर पाण्याची भाषा शिकावी लागते. शहरातून पूडर नदी वाहते. फ्रेंच शिकाऱ्यांनी म्हणे इथं कुठं तरी बंदुकीची दारू पुरून ठेवली होती, त्यावरून हे नाव. नदी कसली, मे-जूनमध्ये बर्फ वितळला की भरून येते आणि ऑगस्टपर्यंत गोट्यांत लपते. १८७४च्या कोरड्या उन्हाळ्यात वरच्या अंगाला फोर्ट कॉलिन्सवाल्यांनी पाट काढून पाणी घेतलं आणि खाली ग्रीलीच्या शेतकऱ्यांच्या पिकांशी नदी आटली. ग्रीलीवाले १८७०मध्येच आलेले. हाणामारीपर्यंत आलेलं प्रकरण शाळेच्या एका खोलीत बसून बोलण्यावर आलं. दोनच वर्षांनी कोलोरॅडोच्या राज्यघटनेत तत्त्व आलं की ज्यानं आधी पाणी वापरायला घेतलं त्याचा हक्क आधी. नदीकाठी जमीन असो नसो. आजही टंचाईच्या वर्षी १८६०च्या सालातला पाट वाहतो आणि नंतरच्या सालातला बंद होतो. आमच्याकडं पाटकऱ्याच्या पाळीवरून भावाभावांत झालेली भांडणं मी पाहिली आहेत. हे तत्त्व मला न्यायाचं वाटत नाही, पण पाण्यावाचून डोकी का फिरतात हे मला कुणी समजावून सांगायला लागत नाही.

या हक्काचं टोक असं की २०१६पर्यंत इथं घराच्या पन्हाळीखाली पिंप ठेवून पाऊस साठवणं बेकायदेशीर होतं. छपरावरचं पाणीसुद्धा खालच्या कुणाच्या तरी हक्काचं. त्या वर्षी कायदा बदलला. आता दोन पिंपं, मिळून ११० गॅलन, म्हणजे सव्वाचारशे लिटरच्या आत, इतकं धरता येतं. हे मी आईला सांगितलं तेव्हा तिचा विश्वासच बसेना. पागोळ्यांखाली घरातलं प्रत्येक भांडं मांडणारी ती. हंडा, कळशी, घमेलं, शेवटी पोळपाटाशेजारची परातसुद्धा. 'पावसाचं पाणी धरायला कुनाला इचारायचं?' एवढंच ती म्हणत राहिली.

२०१७च्या उन्हाळ्यात आई-अण्णा तीन महिने राहायला आले. पहिल्या रविवारी त्यांना हॉर्सटूथ जलाशयावर नेलं. शहराच्या पश्चिमेला, पहिल्या टेकड्यांच्या मागं, दहा किलोमीटर लांब निळी पट्टी. वर घोड्याच्या दातांसारखा चिरलेला खडक. मातीची चार धरणं बांधून दरीची खिंडारं बंद केली आहेत. पूर्वी दरीत स्टाउट नावाची दगडखाणीची वस्ती होती, ती पाण्याखाली गेली. अण्णांनी पहिला प्रश्न विचारला तो माणदेशी माणूसच विचारेल:

"नदी कुठाय?"

नदी नाहीच. हे पाणी डोंगराच्या पलीकडून येतं. कोलोरॅडो राज्याचं बहुतेक पाणी डोंगराच्या पश्चिमेला पडतं आणि बहुतेक माणसं पूर्वेला राहतात. १९३०च्या दशकातल्या दुष्काळानंतर पश्चिमेचं पाणी पूर्वेला आणायचं ठरलं. मुख्य कण्याखालून २१ किलोमीटर लांबीचा बोगदा दोन्ही बाजूंनी खणत आणला, १९४४मध्ये दोन्ही तोंडं भेटली, आणि १९४७मध्ये त्यातून पहिलं पाणी आलं. मी सांगत होते आणि अण्णा पाण्याकडं बघत होते. किती मावतं, विचारलं. घरी हिशेब करून सांगितलं, भरलं तर पावणेसात टीएमसीच्या थोडं वर.

"कोयनेत एकशेपाच," ते म्हणाले. आणि मग, "पण हे कोयनेचं उलटं हाय."

खरंच उलटं होतं. माझ्या ते कधी डोक्यात आलं नव्हतं. कोयना आमच्याच जिल्ह्यातली, पूर्वेकडं कृष्णेला जाऊन मिळणारी नदी. तिचं पाणी आपण बोगद्यांतून पश्चिमेला पोफळीकडं सोडतो, त्यावर वीज करतो, आणि ते वाशिष्ठीतून समुद्राला जातं. वर्षाला ६७.५ टीएमसीपर्यंत. त्या विजेनं मुंबईचे कारखाने चालले, राज्य उभं राहिलं, हे अण्णांना मान्य आहे. पण ज्या वर्षांत ते रोज निरंक लिहीत होते, त्या वर्षांत त्याच डोंगरातून पाणी भिजलेल्या कोकणाकडं उतरत होतं आणि पर्जन्यछायेत टँकर फिरत होते. ते तक्रारीच्या सुरात बोलले नाहीत. खडकावर बसून राहिले. थोड्या वेळानं म्हणाले, "पलीकडच्यांनी दिलं कसं?"

त्याचंही उत्तर मला नंतर वाचून द्यावं लागलं. पलीकडच्यांनी सहजी दिलं नाही. त्यांच्यासाठी आधी ग्रीन माउंटन नावाचं भरपाईचं धरण बांधलं, ते १९४३मध्ये झालं, मगच बोगदा वाहू लागला. आणि तरी आज कोलोरॅडो नदी सात राज्यांना आणि मेक्सिकोला पुरता पुरत नाही. माझ्या नळाला येणारं निम्मं पाणी त्या नदीचं आहे. भांडी घासताना हे लक्षात ठेवायचं मी ठरवलं आहे, आणि बहुतेक वेळा राहतंही.

डोंगर सगळ्यांना आवडतो. पाहुणे आले की डोंगरात न्यायचं, अशी इथली रीतच आहे. अण्णांना मात्र मी माळावर न्यायचं ठरवलं. पूर्वेला गाडीनं दीडेक तासावर पॉनीचं राष्ट्रीय गवताळ रान आहे, दोन लाख एकरांच्या आसपास. रस्ता सरळ, मधे गुरांना पाणी पाजायच्या टाक्या, पवनचक्क्या, आणि मग नुसतं गवत.

अण्णा गाडीतून उतरले आणि काही न बोलता चालत सुटले. ऊन चढलेलं होतं. पन्नासेक पावलांवर ते थांबले, चवड्यांवर बसले, बोटानं माती उकरली. किती ओल गेली आहे ते बघायची त्यांची सवय. आमच्याकडं पाऊस मिलीमीटरमध्ये कचेरीत मोजतात. शेतात तो बोटभर, वीतभर, हातभर ओलीत मोजतात. मग त्यांनी एक गवताची काडी उपटली. ब्लू ग्रामा नावाचं गवत, वर फणीच्या तुकड्यासारखा आडवा तुरा. काडी बोटांत फिरवली, तुरा तळहातावर घासला, नाकाशी नेला.

"पोरी, ह्यो तर आपला माळ हाय."

मी म्हटलं, अण्णा, कुसळ नाही इथं. ते हसले. कुसळ नव्हतं, बोरी-बाभळी नव्हत्या, मेंढरं नव्हती, कुंपणाच्या तारा मात्र होत्या. पण वारा तोच होता. जमिनीलगत उडून पुन्हा जमिनीतच नाहीसा होणारा चंडोल होता. लांबवर प्राँगहॉर्नचा कळप उभा होता, पांढऱ्या ढुंगणाचे, चिंकाऱ्यासारखे सडसडीत. त्यांनी आमच्याकडं पाहिलं आणि एका दमात क्षितिजापर्यंत गेले.

मी त्यांना सांगितलं की हे रान नांगरलेलं होतं. गव्हाच्या भावाच्या नादानं माळ उलटा केला, मग तीसच्या दशकात पाऊस गेला आणि माती वाऱ्यावर उडाली. माणसं घरंदारं सोडून गेली. सरकारनं त्या जमिनी विकत घेतल्या, पुन्हा गवत लावलं. अजूनही कुठं कुठं घराचा चौथरा आणि वाळलेलं एखादं झाड दिसतं. अण्णा तसल्या एका चौथऱ्याशी बराच वेळ उभे राहिले. बहात्तरच्या दुष्काळात ते बावीस वर्षांचे होते. तालीच्या कामावर खडी फोडली, सुकडी खाल्ली, रेशनवर अमेरिकेची लाल मिलो ज्वारी आणली. तिच्या भाकरीला चव नव्हती, पण तिनं जगवलं, असं ते नेहमी सांगतात. ती मिलो या विस्तीर्ण माळाच्याच पिकांपैकी. इथून खाली कॅन्ससमध्ये तिची शेतंच्या शेतं आहेत. मी तसं म्हटल्यावर ते वाकले आणि चौथऱ्याच्या दगडाला हात लावून तो कपाळाला लावला. त्यांनी आयुष्यात देवळाबाहेर असा नमस्कार केलेला मी दोनदाच पाहिला आहे.

आपल्याकडं माळाला 'पडीक' म्हणतात. सातबाऱ्यावरसुद्धा. इथंही बराच काळ तसंच होतं. पण या शहरानं १९९२पासून विक्रीकरातला एक लहानसा वाटा मोकळी रानं विकत घेऊन राखण्यासाठी ठेवला आहे, आणि त्यातून उत्तरेला सोपस्टोनचा माळ वाचला. तिथं १० हजारांहून जास्त वर्षांपूर्वी माणसं बायसनांच्या, म्हणजे इथल्या रानगव्यांच्या, शिकारीसाठी तळ टाकत होती, त्यांची दगडी पाती १९२४मध्ये पहिल्यांदा सापडली. २०१५च्या १ नोव्हेंबरला तिथं दहा बायसन सोडले. आम्ही त्या दिवशी कुंपणाबाहेर गर्दीत उभे होतो. दार उघडलं, ते बाहेर आले, क्षणभर थबकले आणि टापांचा आवाज करत उतारावरून गेले. शेजारचा एक म्हातारा टोपी काढून रडत होता. मला वाटतं, एखाद्या शहराला आपल्या पडीक रानाचं इतकं वाटणं ही फार मोठी गोष्ट आहे. माणच्या माळावर हे व्हावं, लांडग्यांसाठी, चिंकाऱ्यांसाठी, धनगरांच्या वाटांसाठी, असं मला मनापासून वाटतं.

२०२०च्या ऑगस्टमध्ये पुन्हा डोंगर पेटला. कॅमेरॉन पीकचा वणवा, दोन लाखांवर एकर, राज्याच्या इतिहासातला सगळ्यात मोठा. सप्टेंबरच्या सात तारखेला भर दुपारी दिवे लावावे लागले, आभाळ विटकरी झालं, अंगणात राख पडत होती. गावी जायचे रस्ते करोनानं बंद होते. आणि आठ तारखेला, आदल्या दिवसांच्या उकाड्यानंतर, बर्फ पडला. सकाळी नळकांडं उचललं तर तळाला काळं पाणी. मी ते मोजलं. आकड्याशेजारी शेऱ्याच्या जागी लिहिलं: राख आहे. पुढच्या उन्हाळ्यात जळक्या उतारांवर पाऊस झाला तेव्हा पूडरला काळा लोंढा आला, वरच्या खोऱ्यात माणसं दगावली. तेव्हा शहरानं नदीचं पाणी घेणं थांबवलं, आणि नळाला आलं ते बोगद्यापलीकडचं.

अण्णा परत जाताना मी त्यांना एक नळी दिली होती, माझ्यासारखीच. ती घराच्या माळवदावर बसवली आहे. आता काचबिंदूनं त्यांना बारीक खुणा दिसत नाहीत. उरमोडीचं पाणी कालव्यानं आमच्या तालुक्यात येतं, त्याबद्दल ते फोनवर उत्साहानं सांगतात, पण आभाळाची चौकशी सुटलेली नाही. माझी सकाळ म्हणजे त्यांची संध्याकाळ. मी नळी वाचून आत येते आणि फोन लावते. ते आधी माझा आकडा विचारतात, मग स्वतःचा सांगतात. आकडा दिसत नाही, म्हणून ते परसात जाऊन माती उकरतात.

वहीत दोन रकाने आहेत. परवाचं पान समोर उघडं आहे. डावीकडं, इथलं: निरंक. उजवीकडं, माण: वीतभर.